पाच वॅटचा ॲम्प

आमच्या ह्यांना सगळे ‘सावकाश’ म्हणतात. नाव ठेवलं शाळेच्या बसमधल्या पोरांनी. हे ती बस चालवतात. पोराने पायरीवर पाय ठेवला की ह्यांच्या तोंडून निघतं, “सावकाश.” उतरताना “सावकाश.” वळण आलं की बसलाच सांगतात, “सावकाश, बाई, सावकाश.” इतकी वर्षं झाली, बसला साधा ओरखडा नाही. आता मुख्याध्यापिकाबाईसुद्धा शिपायाला सांगतात, “जरा सावकाशना बोलव,” आणि हे हसत हसत जातात.

शाळेला असा ड्रायव्हर मिळाला हे शाळेचं नशीब. पण हाच माणूस घरात सांभाळायचा म्हणजे काय, ते मला विचारा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्यांचं तोंड कधी पोळलेलंच नाही, तरी हे पाणीसुद्धा फुंकून पितात. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर येतात. लिफ्टमध्ये चढत नाहीत. ओल्या हाताने दाराची बेल वाजवत नाहीत, आधी रुमालाने बोटं पुसतात. बल्ब बदलायचा तर दारावरचा मेन स्विच पाडतात. माझं शिवणकाम अर्ध्यावर, इस्त्री गार.

“अहो, एका बल्बपायी सगळं घर अंधारात?”

“अंधाराने कोणी मरत नाही,” हे म्हणतात.

इतकं का भितात, त्याला काही कारण नाही. लहानपणी काही झालं नाही, कोणी दगावलं नाही. सासूबाई सांगायच्या, पाळण्यातसुद्धा हा कधी कडेला सरकला नाही. काही माणसं उंच असतात, काही बुटकी, हे भित्रे आहेत.

मी तशी नाही. मी घरी कपडे दुरुस्त करते. चेन बदलणं, पॅंट आखूड करणं, कोटाचं अस्तर. गिऱ्हाईक वेळेवर आलं नाही तर मी त्याच्या घरी जाऊन त्याला ऐकवते. विंचू निघाला तर चपलेने मारते. तेव्हा ह्यांची भीती म्हणजे माझ्यासाठी रोजची करमणूक होती, आणि रोजचा वैतागही.

मुलगी आमची एकच. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. ह्याच मुलीला त्या डब्याने आमच्या डोळ्यांदेखत नेलं असतं. तो डबा ह्यांनी निवडला होता. आयुष्यात एवढ्या काळजीने ह्यांनी दुसरं काही निवडलं नसेल, माझ्यासकट.

झालं असं की खारूच्या मामाने तिला आपली जुनी गिटार दिली. विजेची. ती पोकळ नसते, सपाट लाकडाची फळीच असते, म्हणून ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडल्याशिवाय वाजवली तर नुसती तारांची किचकिच ऐकू येते. खारू शाळेतून यायची, पलंगावर बसायची आणि लाकडाला कान लावून वाजवायची. मान वाकडी, डोळे मिटलेले. स्वतःला ऐकू यावं म्हणून पोरीची ही धडपड. ह्यांनी ते दारातून काही दिवस पाहिलं. मग एका संध्याकाळी म्हणाले, “अगं, हिला ॲम्प घ्यायला हवा.”

म्हणाले खरं, आणि लगेच घाबरले. आमच्या खालीच घरमालक राहतात. म्हातारा माणूस, कानाने तिखट. वर चमचा पडला तरी काठीने छत ठोकतात. मोठा आवाज झाला आणि त्यांनी घर खाली करायला सांगितलं तर? खारूच्या क्लासमधल्या सरांनी धीर दिला. म्हणाले, घरात वाजवायला लहानसा ॲम्प पुरतो, पाच वॅट म्हणजे डोक्यावरून पाणी.

पाच वॅट हे शब्द ह्यांना फार आवडले. घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात म्हणत होते.

दुकानात मलाही नेलं. दुकानदार जाडजूड, घाईचा माणूस. एका फळीवर लहान लहान ॲम्प ओळीने मांडलेले, आणि सगळ्यांच्या वायरी एका डबीला जोडलेल्या. डबीवर बटणं. गिटार एकच, बटण फिरवलं की आवाज ह्या ॲम्पमधून, पुन्हा फिरवलं की त्या. गिऱ्हाइकाला तुलना करायला सोपं.

ह्यांचा पहिला प्रश्न, “ह्याने शॉक बसत नाही ना?”

दुकानदार हसला. “काका, पाच वॅटचा आहे हो. तुमच्या झोपायच्या खोलीतला दिवासुद्धा ह्याच्यापेक्षा मोठा असेल.”

ह्यांचा चेहरा उजळला. मलाही पटलं. एवढासा डबा, तो काय करणार? तिथेच आम्ही फसलो.

मग हे प्रत्येक ॲम्पला कान लावायला लागले. गिटार न वाजवता. नुसता ॲम्प चालू ठेवायचा, आणि जाळीला कान. पहिला गुणगुणला. “हा आवाज करतोय.” दुकानदार म्हणाला, सगळेच थोडा करतात. दुसराही गुणगुणला. तिसराही. ह्यांनी मान हलवली. “नाही. काही न करता आवाज येतोय म्हणजे आत कुठेतरी बिघाड आहे.” बसच्या इंजिनावर उभी हयात गेलेली. इंजिनात नको तो आवाज आला की बस बाजूला घ्यायची, हे ह्यांच्या रक्तात. गप्प चालतं ते निरोगी, कुरकुरतं ते आजारी. आता गिटारच्या डब्याचं आणि इंजिनाचं गोत्र वेगळं, हे त्यांना कोण सांगणार, आणि मला तरी कुठे माहीत होतं?

ओळीच्या शेवटी एक जुना ॲम्प होता. तपकिरी, पावाच्या डब्याएवढा, मागून पत्र्याचा. कोण्या बॅंडवाल्याने बदलीत दिलेला. ह्यांनी त्याला कान लावला आणि हात वर केला. “जरा पंखा बंद करा.” दुकानदाराने पंखा बंद केला. “जरा कोणी बोलू नका.” दोन गिऱ्हाइकं गुपचूप उभी राहिली. हे डोळे मिटून ऐकत होते, डॉक्टर छातीला नळी लावतो तसे.

“हा बघ,” मला म्हणाले. “एकदम शांत. ह्याच्या आत काही गडबड नाही.”

“घ्या मग एकदाचा,” मी म्हटलं. “तो शांत आहे, मी नाही राहणार आता.”

घरी येताना त्यांनी तो मांडीवर धरला होता. जागाही त्यांनीच ठरवली. स्वयंपाकघर, कारण त्याच्या खाली मालकांची अडगळीची खोली आहे, तिथे कोणी झोपत नाही. नळाशेजारी एक सॉकेट रिकामं होतं. खारू स्टुलावर बसली, ह्यांनी स्वतः प्लग लावला, आणि तिने पहिल्यांदा आपला आवाज कान न वाकवता ऐकला. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती इतकी हसली की मलाच भरून आलं. खालून काठी आली नाही. हे दाराला टेकून उभे होते, जग जिंकल्यासारखे.

खरं सांगते, आमच्या घरातली ती एकच वस्तू असेल जिची ह्यांना भीती नव्हती. इस्त्रीपासून हे हातभर लांब राहायचे. ॲम्पवरची धूळ मात्र स्वतः पुसायचे.

काही दिवसांनी खारू म्हणाली, “आई, वाजवताना हाताला मुंग्या येतात.”

मी म्हटलं, “येणारच. तारा दाबून दाबून बोटं सोलवटली आहेत बघ.” सरांनीही तेच सांगितलं. नवीन शिकणाऱ्यांची बोटं दुखतात, बधिर होतात, मग घट्टे पडतात, की संपलं. क्लासमधल्या सगळ्यांचं असंच होतं. त्यात कोणाला वेगळं काय दिसणार?

हे मात्र घाबरले. आणि ह्यांचं घाबरणं भलतीकडेच पळालं. ह्यांना वाटलं शीर दबली. मग वाटलं मज्जातंतूंचा आजार. “अगं, मुंग्या म्हणजे साधी गोष्ट नाही.” डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फरक पडेना. कधी मुंग्या यायच्या, कधी नाही. चप्पल घालून बसली की नसायच्या, अनवाणी बसली की असायच्या, फरशी पुसल्यावर जास्त. हे आता कळतंय. तेव्हा आम्ही तिची बोटं बघत होतो, पाय कोणी बघितले नाहीत. हे रोज संध्याकाळी तिचा हात हातात घेऊन प्रत्येक बोट दाबून विचारायचे, “इथे कळतंय? इथे?” घरातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेऊन झाला. तिची उशी बदलली, दप्तर हलकं केलं. त्या डब्यावर मात्र तिळभर संशय नाही. तो ह्यांनी निवडलेला.

सुट्टीचा दिवस होता, सकाळची वेळ. मी स्वयंपाकघराची फरशी पुसून, नळाखाली बादली लावून बाहेरच्या खोलीत मशीनवर बसले होते. तोंडात दोरा. हे दाराशी बूट पॉलिश करत होते. आत खारूचं वाजवणं चाललेलं. बादली भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. मी उठणार तेवढ्यात गिटार तुटली. म्हणजे गाणं तुटलं, आणि त्याच्या जागी एकच घुमता, जाड, घाणेरडा आवाज सुरू झाला. थांबेचना.

“खारू, काय चालवलंयस?”

मी दारात गेले. पोर स्टुलावरून अर्धी उठलेली, कमरेत वाकलेली. नळ बंद करायला उजवा हात पुढे गेलेला, तो नळाला. डावा हात तारांवर. दोन्ही मुठी आवळलेल्या. तोंड उघडं आणि त्यातून आवाज नाही. डोळे माझ्याकडे. ती मला बघत होती, तिला सगळं कळत होतं, आणि तिला सोडता येत नव्हतं.

मी धावले. तिच्यावर झेप घालायचीच बाकी होती. मागून ह्यांनी मला असा धक्का दिला की मी दाराच्या चौकटीवर आपटले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाने कधी मला बोट लावलं नव्हतं. “हात लावू नकोस तिला!” हे ओरडले. तो आवाज ह्यांचा नव्हताच. आणि ओरडून हे पोरीकडे नाही, उलट दिशेला पळाले. बाहेरच्या दाराकडे.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. पळाला. मेला भित्रा, पोरीला टाकून पळाला.

मग खाट्कन आवाज झाला. फ्रीजची घरघर बंद पडली. डोक्यावरचा पंखा हळू हळू फिरायला लागला. तो घुमता आवाज विरत विरत गेला, आणि खारू कापडासारखी ओल्या फरशीवर पडली. गिटार तिच्या अंगावर. ह्यांनी मेन स्विच पाडला होता. मी तिला पोटाशी धरली. तिचं अंग थडथडत होतं. हे बाहेरच्या खोलीतून विचारत होते, “श्वास आहे का? अगं, श्वास आहे का?” ह्यांचा हात अजून स्विचवरच होता.

खारू म्हणाली, “नळ चालूच आहे.”

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, दिवसभर ठेवून घेतलं. बोटांवर तारांच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. डॉक्टर म्हणाल्या, एका हातातून शिरून दुसऱ्या हाताने बाहेर, म्हणजे वीज छातीतून गेली. थोडं आणखी धरून ठेवलं असतं तर. एवढं म्हणून त्यांनी आलेखाची घडी घातली. ज्या बाईने विंचू मारले तिला ग्लास धरवत नव्हता.

विजेच्या मिस्त्रीने तो डबा आमच्यासमोर उघडला. प्लगमध्ये तीन वायरी यायला हव्यात. तिसरी, जमिनीला जोडणारी, ती नीट कापून वर चिकटपट्टी लावलेली. “बॅंडवाले करतात हा उद्योग,” मिस्त्री म्हणाला. “बऱ्याच मशिनी एकमेकांना जोडल्या की ॲम्प गुणगुणतो. अर्थिंग कापली की गप्प होतो. आणि ह्याच्या आतला एक भाग जुना होऊन गळतोय. सगळी वीज ह्या पत्र्यात, पत्र्यातून केबलमध्ये, केबलमधून तारांमध्ये.”

“दुकानात काही झालं नाही ते कसं?” मी विचारलं.

“तिथे सगळे एकाच डबीला जोडलेले होते ना? शेजाऱ्यांच्या अर्थिंगवर भागत होतं ह्याचं. घरी एकटा पडला.”

हे त्या कापलेल्या वायरीकडे बघत होते. म्हणाले, “पाच वॅटचा आहे तो.”

“काका, पाच वॅट आवाजाचे. भिंतीतून येणारी वीज ह्यालाही तीच आणि इस्त्रीलाही तीच.”

“म्हणजे जे गुणगुणत होते...”

“ते चांगले होते.”

हे जिन्यात जाऊन बसले. मी दुकानदाराकडे गेले आणि त्याला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर असा धुतला की तो पांढरा पडला. प्लग उघडून बघितला नव्हता, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तेवढ्याने माझा राग थोडा निवला. ह्यांचं काय करायचं ते मला कळेना. शाळेला निरोप धाडला, बरं नाही. बसला हात लावीनात. “मी निवडला,” एवढंच. भाजी घ्यायला पाठवलं तर रिकामी पिशवी घेऊन परत आले. कोणती घ्यावी ते ठरवता आलं नाही.

आणि खारू. तिची बोटं बरी झाली, पण पोर बदलली. नळ सोडायचा असला की मला हाक मारायची. दिव्याचं बटण पेन्सिलीने दाबायची. रबरी चपला पायातून काढायची नाही, झोपतानासुद्धा नाही. गिटार मांडीवर घ्यायची, ॲम्प नाही, वायर नाही, नुसती गिटार, आणि बोटं तारांच्या वर धरून बसायची. टेकवायची नाही. जी मुलगी घरभर उड्या मारायची ती आता भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली.

एके दिवशी मी इस्त्रीचा प्लग लावत होते. खारू मागून म्हणाली, “सावकाश, आई.”

तोच शब्द, तोच सूर. हे समोर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. खारू खोलीत गेल्यावर म्हणाले, “ती माझ्यावर चालली आहे.”

मी इस्त्रीचा प्लग काढून ठेवला.

“तुला वाटतं मी भितो म्हणजे माझी सवय आहे,” हे म्हणाले. “तू हसतेस, पोरं हसतात, मीही हसतो. पण फार वाईट असतं गं हे. सकाळी डोळा उघडल्यापासून असतं. बसमध्ये मागे पोरं गाणी म्हणत असतात, मला एकही ऐकू येत नाही, मी रस्ता बघत असतो. माझं झालं आता आयुष्य. पण हिने असं जगू नये. हे हिला नको.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हे सांगितलं. मी त्यांचा हात धरला. गार पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून माणूस कामाला लागला. मिस्त्रीकडून घराची सगळी अर्थिंग तपासून घेतली. दारावर नवीन बटण बसवलं, वीज जरा कुठे भलतीकडे गेली की डोळ्याचं पातं लवायच्या आत बंद होणारं. मालकांकडे स्वतः जाऊन बाहेरच्या खोलीत वाजवायची परवानगी मागितली. म्हातारा म्हणाला, “वाजवू दे की. मला काय वाटलं, क्लास सोडला तिने.” एवढं सोपं होतं ते. आम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

मग पुन्हा त्याच दुकानात. मी म्हटलं, दुसरीकडे जाऊ. हे म्हणाले, नको, तो आता नीट बघेल. मिस्त्रीला बरोबर घेतलं. दुकानदाराने आम्हाला बघताच खुर्च्या पुढे केल्या. हे बसले नाहीत. ती डबी आधी काढायला लावली. एक एक ॲम्प एकटा भिंतीला जोडायचा. मिस्त्रीने प्रत्येक प्लग उघडला, टेस्टर लावला, मान डोलावली. मला वाटलं झालं.

तर ह्यांनी खाली वाकून बूट काढले. मोजे काढले. दुकानाच्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. एक हात शटरच्या लोखंडी पट्टीवर ठेवला आणि दुसरा गिटारच्या तारांकडे नेला.

“काका, अहो, मी तपासलाय,” मिस्त्री म्हणाला.

“हो,” हे म्हणाले, आणि हात लावला.

प्रत्येक ॲम्पला. गिऱ्हाइकं बघत होती, एक पोरगं फिदीफिदी हसलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की ते गिटारच्या मागे लपलं. ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटी एक लहानसा काळा ॲम्प घेतला. दुकानदार चाचरत म्हणाला, “काका, हा जरासा गुणगुणतो बरं का.”

“गुणगुणू दे,” हे म्हणाले.

घरी बाहेरच्या खोलीत, माझ्या शिलाई मशीनच्या बाजूला तो मांडला. खारू दारात उभी. पायात रबरी चपला, हात पाठीमागे.

“मी नाही वाजवणार, बाबा.”

“नको वाजवूस. आधी मी.” ह्यांनी तिच्यासमोर चपला काढल्या, एक हात मशीनच्या लोखंडाला टेकवला, दुसरा तारांवर ठेवला. सगळी बोटं. ठेवूनच उभे राहिले. “बघ. काही नाही.” खारू बराच वेळ त्यांच्या हाताकडे बघत होती. त्या दिवशी तिने एका बोटाने एक तार वाजवली. मला तेवढं पुरलं.

तेव्हापासून तो नेमच झाला. हे पुन्हा बसवर जायला लागले होते; संध्याकाळी बस लावून यायचे, चपला काढायचे, आधी ह्यांचा हात, मग खारूचं वाजवणं. हळूहळू तिच्या पायातल्या चपला गेल्या, पेन्सिल गेली, नळ सोडायला मला हाक येईनाशी झाली. घरात पुन्हा धावपळ, आदळआपट. आता तीच म्हणायची, “बाबा, लवकर लावा ना हात, मला वाजवायचंय.” मीही बोलायचे. अहो, मिस्त्रीने तपासलाय, दारावर एवढं नवीन बटण आहे, रोजचं काय हे सोंग? “हो, हो,” म्हणायचे, आणि लावायचेच. मला वाटायचं, आता अंगवळणी पडलंय. काही माणसं निघताना कुलूप ओढून बघतात ना, तसं.

परवा बस वाटेत बंद पडली. ह्यांचा निरोप आला, उशीर होईल. खारूला दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळ्यांसमोर वाजवायचं होतं, सराव हवा होता. म्हणाली, “आई, आज तू लाव हात.”

“त्यात काय मोठंसं,” मी म्हटलं. हातातली कात्री ठेवली. चपला काढल्या. ॲम्प चालू होता, आपला गुणगुणत होता. डावा हात मशीनवर ठेवला आणि उजवा पुढे नेला.

तारांपासून बोटभर अंतरावर तो थांबला.

मी ढकलला. जाईना. मला माहीत होतं की काही होणार नाही. नवीन बटण आहे, मिस्त्री आहे, रोज हे लावतात, रोज ती वाजवते. पण मला ती बादली ऐकू यायला लागली, तिचे ते डोळे दिसायला लागले. पाय फरशीला चिकटले. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला. खारू माझ्याकडे बघत होती.

“राहू दे आई,” ती हळूच म्हणाली. “बाबांना येऊ दे.”

आम्ही दोघी पलंगावर बसलो. बऱ्याच वेळाने जिन्यात ह्यांची पावलं वाजली, एकेक पायरी. आत आले. हाताला इंजिनाचं काळं तेल लागलेलं, ते साबणाने धुतलं, पुसलं. बूट काढले, मोजे काढून बुटात घातले. त्या दिवशी पहिल्यांदा, हातात शिवण नसताना, मी त्यांच्याकडे नीट बघत होते. मशीनवर ठेवलेला हात थरथरत होता. ओठ पांढरे पडले होते. मानेवरची शीर उडत होती. दुकानात पहिल्यांदा तारांना हात लावताना जसे दिसत होते, अगदी तसेच. तसूभरही कमी नाही.

रोज. इतके दिवस, रोज संध्याकाळी, मी दोरा ओवत बाजूला बसलेली असताना.

त्यांनी डोळे मिटले, श्वास धरला आणि तारांवर हात ठेवला. मग डोळे उघडून खारूकडे बघून हसले.

“वाजव,” म्हणाले.